घरगुती अँटेना करताय? आधी राउटर स्लॅबवर न्या

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं गाव आर्णी तालुक्यात, घर नाल्याच्या अंगाला खोलगटात. घरात ४जीची रेंज जवळपास नाही, स्लॅबवर गेलं की एखाददुसरी काडी येते. सिमवर चालणारा राउटर घेतला, त्यानेही फारसा फरक पडला नाही. टॉवर अंदाजे सहा किलोमीटरवर, मधे सागाची झाडं आणि एक टेकाड. जुन्या डीटीएचची वीसेक मीटर केबल घरात पडून आहे आणि डब्याचा अँटेना करायचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाय. विचारलंय असं की, डबा कोणत्या मापाचा घ्यावा आणि टीव्हीची केबल राउटरला जोडावी कशी.

मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यात टीव्हीच्या छत्र्या, सीसीटीव्ही आणि नेटची जोडणी करतो. तुमच्यासारख्या घरांचं काम नेहमीचं आहे, म्हणून सरळ सांगतो. प्रश्न डब्याचा कमी आणि जागेचा जास्त आहे. तुम्ही अँटेना वर आणि राउटर खाली ठेवायचं ठरवलंय, आणि मधल्या वीस मीटरमध्येच तुमची सगळी मेहनत जिरून जाणार आहे. राउटरच वर गेला, तर साध्या तारेचा अँटेनाही काम करतो. का, ते खाली सांगतो.

डब्याचा विषय लवकर संपतो, म्हणून तो आधी घेतो. व्हिडिओतले डबे बहुतेक वायफायसाठी असतात, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झसाठी, आणि त्यांचा व्यास आठ-नऊ सेंटीमीटर असतो. गोल डब्यात ठरावीक मर्यादेपेक्षा लांब लहर शिरतच नाही, आणि मेगाहर्ट्झ जितके कमी तितकी लहर लांब. साडेआठ सेंटीमीटर व्यासाच्या डब्याची ही मर्यादा साधारण २०७० मेगाहर्ट्झ येते. तुमचा टॉवर १८०० मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर त्या डब्यासाठी तो मुकाच. १८०० साठी अकरा-बारा सेंटीमीटर व्यासाचा लांब डबा लागेल, आणि इतका खटाटोप करून मिळेल तेवढंच याहून सोप्या अँटेनातून मिळतं. त्यामुळे डबा सोडा.

आता मोजमाप. मोबाइलच्या काड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर, किंवा नेटमॉन्स्टरसारख्या अ‍ॅपमध्ये, तीन गोष्टी बघा: आरएसआरपी, एसआयएनआर आणि बँड. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोराने पोचतो. हा आकडा उणेत असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे १०० ते ११० म्हणजे ओढाताण, उणे ११५ च्या खाली गेलं की नेट फक्त नावाला. एसआयएनआर म्हणजे त्या सिग्नलमध्ये गोंगाट किती कमी आहे. हा तेरा-पंधराच्या वर असेल तर काम चांगलं चालतं, शून्याच्या आसपास असेल तर सिग्नल जोरदार असूनही पान उघडत नाही. अनुभवाने सांगतो, या दोघांत मी एसआयएनआरला जास्त मान देतो.

हे आकडे दोनदा घ्या. एकदा पहाटे पाचच्या सुमारास, एकदा रात्री नऊला. दोन्ही वेळी वेगही तपासा. पहाटे वेग चांगला आणि रात्री मेलेला, पण आरएसआरपी दोन्ही वेळी सारखाच, असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्या गर्दीला अँटेना काही करू शकत नाही. तेव्हा दुसऱ्या कंपनीचं सिम किंवा दुसऱ्या दिशेचा टॉवर शोधावा लागतो. पुढचं सगळं लिहिताना मी असं धरलंय की तुमच्याकडे अडचण सिग्नलचीच आहे.

बँड म्हणजे टॉवर कोणत्या मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो ते. तो का बघायचा? कारण अँटेनाचं माप त्यावर ठरतं. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे अ‍ॅपमध्ये बँड ५, ३ आणि ४०. एअरटेलचं ९००, १८००, २१०० आणि २३०० वर, बीएसएनएलचं नवं ४जी ७०० आणि २१०० वर. कमी आकड्याचा बँड लांब जातो, टेकाडामागे थोडा वळतो आणि भिंतीतूनही आत येतो, पण त्यात जागा कमी, म्हणून वेग कमी. २३०० मध्ये वेग भरपूर, पण एका टेकाडाने तो अडतो. खोलगटातल्या घरी बहुतेक वेळा ८५० किंवा ९०० येतो, आणि स्लॅबवर उंच गेलं की १८०० पकडता येतो. म्हणून आकडे घरात नाही, जिथे अँटेना लागणार तिथे उभं राहून घ्या.

आता केबल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांचे पैसे इथेच वाया जातात.

केबलमध्ये सिग्नल मीटरमागे थोडा थोडा मरतो. हे डीबीत मोजतात. तीन डीबी गेले की निम्मा उरतो, सहा गेले की चौथाई, दहा गेले की दहावा हिस्सा. दुकानात अँटेनासोबत जी पातळ काळी केबल देतात, ती बहुधा आरजी-५८ असते. १८०० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे साधारण पाऊण डीबी खाते. वीस मीटरला पंधरा डीबी, म्हणजे तिसावा हिस्सा उरला. तुमची डीटीएचची आरजी-६ त्याच कामाला मीटरमागे ०.३ डीबी खाते, म्हणजे वीस मीटरला सहा. जाड आणि महाग एलएमआर-४०० आणली तरी चारेक डीबी जातातच. आणि घरी बनवलेला चांगला अँटेना देतो किती? दहा-अकरा डीबी. त्यातून राउटरच्या मूळ दांडीचे (राउटरसोबत येणाऱ्या अँटेनाचे) दोन-तीन वजा करा, म्हणजे खरा फायदा सात-आठ. त्यातले सहा केबलने खाल्ले तर हाती काय राहिलं?

इथे लोक विचारतात, मग टीव्हीची छत्री हीच केबल वापरून झकास कशी चालते? प्रश्न बरोबर आहे. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, तो उपग्रहाचा सिग्नल तिथल्या तिथे हजारो पटींनी वाढवतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये खाली उतरवून मगच केबलमध्ये सोडतो. केबलने त्यातले सहा काय, दहा डीबी खाल्ले तरी सेट-टॉप बॉक्सला पुरून उरतं. तुमच्या तारेच्या अँटेनात असं वाढवणारं काहीच नाही. शिवाय टीव्हीला फक्त ऐकायचं असतं, नेटला बोलायचंही असतं.

आणि खरी अडचण बोलण्याचीच आहे. देवळाचा भोंगा दोन वावरं पलीकडे ऐकू येतो, पण तिथून आपण मारलेली हाक देवळापर्यंत पोचत नाही. टॉवर कित्येक वॅटने बोलतो, तुमच्या राउटरची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. म्हणून काड्या दिसतात आणि तरी व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज समोरच्याला जात नाही. केबलमध्ये हरवलेला प्रत्येक डीबी या ०.२ वॅटमधून जातो. चांगला अँटेना मात्र ऐकायला जितकी मदत करतो तितकीच बोलायलाही करतो.

७५ ओहम आणि ५० ओहमच्या वादात फार पडू नका. हा केबलचा आणि यंत्राचा ठरलेला अवरोध, तो जुळला नाही की थोडा सिग्नल परत फिरतो. टीव्हीची केबल ७५ ओहमची आणि राउटर ५० चा, म्हणून ती चालतच नाही असं ठासून सांगणारे भेटतात. या विजोडाने जाणारा सिग्नल चार टक्क्यांच्या आसपास असतो. पातळ ५० ओहमच्या केबलपेक्षा जाड ७५ ओहमची केबल परवडली. एकच अडचण आहे: आरजी-६ ची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. तिच्यासाठी दाबून बसवायचा एफ कनेक्टर आणि पुढे एसएमए (राउटरच्या आट्यांच्या तोंडात बसणारा) अडॅप्टर लागतो. तरीही माझा सल्ला असा की, ती केबल या कामाला वापरूच नका.

राउटर अँटेनाच्या पायाशी ठेवा. दोघांत जास्तीत जास्त एक मीटर केबल असू द्या. खाली घरात लॅनची केबल आणा. तिच्यात सिग्नल आकड्यांच्या रूपात येतो, शंभर मीटरपर्यंत तिथे काही हरवत नाही. खाली एखादा साधा, जुना वायफाय राउटर लावला की घरभर वायफाय. कंपन्यांचं एअरफायबर बसवतात तेव्हाही हेच करतात, बाहेरचा डबा छतावर आणि घरात फक्त लॅनची तार.

वर वीज कशी न्यायची? २३० व्होल्टची लाइन स्लॅबवर नेऊ नका, पावसात जिवाशी खेळ आहे. लॅन केबलमधल्या चारपैकी दोन जोड्या नेटसाठी पुरतात, उरलेल्या दोन जोड्यांतून डीसी वर जातो. बाजारात पॅसिव्ह पीओईची (लॅनच्याच केबलमधून वीज नेणारी) जोडी स्वस्तात मिळते, एक तुकडा खाली अडॅप्टरपाशी, एक वर राउटरपाशी. यात निळी जोडी अधिक आणि तपकिरी जोडी उणे असते. वेग शंभर एमबीपीएसला अडतो, पण तुमच्या रेंजमध्ये तेवढा मिळाला तरी आनंदच आहे. केबल घेताना अस्सल तांब्याची बाहेरच्या वापराची कॅट-६ मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल वजनाला हलकी आणि स्वस्त असते, पण तिच्यात व्होल्टेज दीडपट पडतं. तांब्याच्या पंधरा मीटरमध्ये एक अँपिअर ओढला तर सव्वा व्होल्ट पडतो. बारा व्होल्टच्या राउटरला अकराच्या आत मिळाले तर तो चालू राहतो, पण जोराने बोलायच्या क्षणी बंद पडून परत सुरू होतो. मग माणूस अँटेनाला दोष देत बसतो. अंतर जास्त असेल तर खालून २४ व्होल्ट सोडा आणि वर एक बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट) लावून राउटरच्या पाटीवर लिहिलेलं व्होल्टेज द्या. राउटर नऊ व्होल्टचा असेल तर कन्व्हर्टर लागतोच.

वर नेताना दोन शत्रू: ऊन आणि वांदरं. घरगुती राउटर चाळीस डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो. तो हवाबंद डब्यात घालून टिनावर ठेवला तर दुपारी बंद पडणारच. पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली, उत्तरेच्या बाजूला, पांढऱ्या प्लास्टिकच्या मीटर बॉक्समध्ये ठेवा. बॉक्सच्या तळाला भोकं पाडा, त्यांना बारीक जाळी लावा, नाहीतर पाल आणि गांधीलमाशी घर करते. वरच्या बाजूला भोक नको. केबल आत शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी केबलवरून चालत आत न जाता झोलावरून गळून पडतं. बॉक्स लोखंडी मात्र नको, राउटरचं सेटिंग मोबाइलवरून बघायचं असतं आणि लोखंडातून वायफाय बाहेर येत नाही. वांदरांसाठी सगळी केबल अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून घ्या. लोंबती तार दिसली की ती ओढल्याशिवाय राहत नाहीत.

आता अँटेना. मी सुचवतो तो बायक्वाड, म्हणजे तारेचे दोन चौकोन आणि मागे एक पत्रा. मापात थोडी चूक झाली तरी तो सांभाळून घेतो. यागीमध्ये (टीव्हीच्या जुन्या काड्यांच्या अँटेनासारखा असतो तो) काड्यांच्या मापात मिलिमीटर-मिलिमीटरचा हिशेब लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला तो जमत नाही.

मापाचं गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लहरीची लांबी येते. १८०० ला ती १६.७ सेंटीमीटर. चौकोनाची एक बाजू तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ४२ मिलिमीटर. पत्रा एका लहरीएवढा, १७ सेंटीमीटर चौरस. तार आणि पत्रा यांच्यातलं अंतर लहरीचा आठवा भाग, २० ते २१ मिलिमीटर. २३०० साठी बाजू ३२, पत्रा १३ सेंटीमीटर, अंतर १६ मिलिमीटर. ८५० साठी बाजू ८७ मिलिमीटर, पत्रा ३५ सेंटीमीटर, अंतर ४४ मिलिमीटर. ८५० आणि १८०० मध्ये टॉवर एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो, जसं १८०० मध्ये १८०५ ते १८८० आणि १७१० ते १७८५. म्हणून माप दोघांच्या मधलं धरायचं, वर तेच धरलंय.

तार कुठून आणायची? मोटर वायंडिंगवाल्याकडे जा. १४ गेजची, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मागा. १८०० साठी ३४ सेंटीमीटर पुरते, पण हातभर घेऊन ठेवा. तिच्यावर इनॅमलचा लेप असतो, जोडाच्या जागी तो पॉलिश पेपरने लख्ख घासून काढा, नाहीतर सोल्डर वरवर बसतं आणि आत जोड होत नाही. पत्र्यासाठी १५ किलोच्या तेलाच्या डब्याची एक बाजू कापा. त्या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो, सोल्डर छान धरतं. नंतर मागून रंग द्या, नाहीतर एका पावसाळ्यात गंजेल. ८५० चा मोठा पत्रा डब्यातून निघत नाही, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी चालते.

तारेवर दर ४२ मिलिमीटरला खूण करा, आठ भाग होतील. प्रत्येक खुणेवर पकडीने काटकोनात वाकवा. चार भागांत एक चौकोन पूर्ण होऊन तार मध्याशी येते, पुढच्या चार भागांत दुसरा चौकोन पलीकडच्या बाजूला होऊन तार परत मध्याशी येते. आडवा पडलेला इंग्रजी आठ (8) दिसला पाहिजे, दोन्ही चौकोन टोकावर उभे. तारेची सुरुवात आणि शेवट मध्याशी एकत्र सोल्डर करा, हा झाला एक बिंदू. तारेचा बरोबर मधला वाक त्याच्या समोर येतो, हा दुसरा. दोघांत तीन-चार मिलिमीटरची फट ठेवा, ते एकमेकांना टेकले तर अँटेना मेला. केबल पत्र्याच्या मध्याच्या भोकातून मागून पुढे आणा. तिची मधली तार एका बिंदूला, जाळी दुसऱ्या बिंदूला. जाळी पत्र्यालाही सोल्डर करा. चौकोनांची बाहेरची टोकं हलू नयेत म्हणून प्लास्टिकच्या दोन नळ्या मापाने कापून पत्र्यावर चिकटवा. त्यांची उंची तुमच्या २० मिलिमीटरच्या अंतराएवढी ठेवली की माप आपोआप साधतं.

या अँटेनाला मल्टिमीटर लावला तर तो शॉर्ट दाखवतो, बीप वाजते. घाबरू नका. तार अखंड असल्याने तसंच दिसणार, उलट बीप वाजली नाही तर कुठेतरी जोड सुटलाय. बरेच जण बीप ऐकून चांगला अँटेना तोडून टाकतात.

झाल्यावर सगळे जोड गरम गोंदाने किंवा सिलिकॉनने बुजवा आणि अँटेना प्लास्टिकच्या टिफिनच्या डब्यात बंद करा. चंदेरी छपाई असलेला डबा नको.

एक अँटेना करायचा की दोन? ४जीचा राउटर दोन अँटेनांवर चालतो आणि टॉवरचे अँटेनाही जोडीने असतात, एक उजवीकडे ४५ अंश कललेला, एक डावीकडे. म्हणून तुम्हीही दोन सारखे बायक्वाड करा, एक उजवीकडे ४५ अंशांत फिरवून लावा, दुसरा डावीकडे. दोघांची तोंडं टॉवरकडेच. सुरुवातीला मात्र एकच करा आणि राउटरच्या मुख्य तोंडाला जोडा, कारण बरेच राउटर बोलतात ते त्याच तोंडातून. मुख्य तोंड कोणतं ते कळायला मूळ दांड्या एकेक करून काढा, जी काढल्यावर रेंज जास्त पडते ते मुख्य. एकाने आकडे सुधारले तर दुसरा करा.

जोडणीत सगळ्यात जास्त फसगत होते कनेक्टरमध्ये. ४जीच्या तोंडाला साधा एसएमए लागतो, वायफायच्या दांडीला बहुधा आरपी-एसएमए असतो. दोघांचे आटे सारखे, म्हणून घट्ट बसतात, पण आत पिन आणि भोक यांची जोडी जुळत नाही. आत डोकावून बघा: राउटरच्या तोंडात भोक असेल तर केबलच्या टोकाला पिन हवी. सिमची डोंगल असेल तर तिला टीएस-९ किंवा सीआरसी-९ नावाचं बारीक तोंड असतं, ते वारंवार काढघाल केलं की तुटतं. बऱ्याच पॉकेट हॉटस्पॉटला बाहेरचा अँटेना जोडायची सोयच नसते. तुमच्या राउटरच्या दांड्या आटे फिरवून निघतात का, ते आधी बघा. निघत नसतील तर आधी राउटर बदलावा लागेल, अँटेनाचा विचार त्यानंतर.

दिशा लावताना घाई करू नका. बायक्वाडचा झोत रुंद असतो, साठेक अंश, त्यामुळे तो सापडायला सोपा. दहा अंश फिरवा, अर्धा मिनिट थांबा, एसआयएनआर लिहून घ्या, परत फिरवा. आकडे मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतात, भराभर फिरवलं तर भलतीच जागा चांगली वाटते. टॉवर डोळ्यांनी दिसतो तीच दिशा उत्तम, असंही धरू नका. टेकाडाच्या आडून येणारा सिग्नल पुष्कळदा त्याच्या खिंडीतून चांगला येतो. त्याच स्लॅबवर दोन मीटर सरकलं तरी आकडे बदलतात, म्हणून पाइप पक्का करण्याआधी अँटेना हातात धरून चारही कोपरे फिरा.

आणि सागाचं ध्यानात ठेवा. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, तेव्हा रानातून आरपार दिसतं. एप्रिलमध्ये लावलेली जोडणी मस्त चालते, जुलैत तीच पानं ताटाएवढी होऊन पावसाने ओली झाली की सिग्नल पार बसतो. उन्हाळ्यात लावत असाल तर आज काम भागतंय तेवढ्यावर थांबू नका, पाइप झाडांच्या शेंड्यांच्या वर नेता येतो का ते बघा, नाहीतर दहा डीबी हाताशी राखून ठेवा. पावसाळ्यात आकडे घेतले तर उत्तमच, वर्षभरातली वाईट बाजू तुम्हाला आधीच कळते.

एवढं करूनही आकडे अपुरे पडले तर जुनी छत्री कामाला येते. साठ सेंटीमीटरच्या छत्रीत एलएनबीच्या जागी बायक्वाड बसवला, त्याचं तोंड छत्रीकडे केलं, की १८०० ला सतरा-अठरा डीबीपर्यंत मजल जाते. ८५० ला मात्र छत्री कामाची नाही, त्या लहरीपुढे ती फार लहान पडते. छत्रीचं तोंड आणि ती खरंच बघते ती दिशा यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो, म्हणून क्षितिजाकडे बघायला ती पुढे झुकलेली दिसते. क्लॅम्प तेवढा वळत नाही, तेव्हा छत्री आडवी फिरवून तिचा एलएनबी धरणारा दांडा बाजूला घ्या, मग तो फरक डावी-उजवीकडे जातो आणि पाइप फिरवून भागतो. झोत वीसेक अंशांचाच असतो, दिशा लावायला वेळ द्या.

आणि घर इतकं खोलगटात असेल की स्लॅबवरही काहीच येत नाही, तर वर चढावर तुमचं वावर असेल तिथे राउटर आणि अँटेना लावा आणि तिथून घरापर्यंत ५ गिगाहर्ट्झच्या तयार वायफाय ब्रिजची जोडी बसवा. २०१८ पासून हा पट्टा आपल्याकडे परवान्याविना खुला आहे, ताकदीच्या मर्यादा पाळून. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत एवढीच अट. वावरात वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून तिथे छोटं सोलर पॅनल आणि बारा व्होल्टची बॅटरी लागेल. खर्च आणि राखण दोन्ही वाढतात, म्हणून हा मार्ग शेवटी ठेवला.

कोणी दुकानदार मोबाइल सिग्नल बूस्टर गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. परवानगीशिवाय तो ठेवणं, विकणं आणि वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तो टॉवरच्या कानात गोंगाट भरून सगळ्या गावाचं नेट बिघडवतो.

विजेची गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या भागात मृगात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. स्लॅबवर उंच लोखंडी पाइप उभा केला की त्याला अर्थिंग हवंच. जाड तांब्याची तार पाइपाला बोल्टने आवळून, बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, वेगळ्या अर्थिंगच्या खड्ड्यात न्या, घरातल्या बोर्डातून नाही. थेट वीज पडली तर हे तुमचं यंत्र वाचवणार नाही, पण आसपास पडलेल्या विजेचा धक्का घरात शिरण्याआधी जमिनीत जाण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा. इशारा आला की खालच्या राउटरमधून लॅनची पिन आणि भिंतीतून अडॅप्टर काढा आणि त्यापासून दूर बसा. आभाळ गडगडत असताना दिशा लावायला स्लॅबवर कोणी चढायचं नाही, मुलांना तर नाहीच.

तर आता तुम्ही असं करा. तार-पत्रा आणायच्या आधी, राउटर कोरड्या दिवशी तेवढ्यापुरता लांब वायरवर, किंवा त्याच्या पाटीवर बारा व्होल्ट असेल तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर, नुसता स्लॅबवर नेऊन बघा, त्याच्या मूळ दांड्यांनिशी. पुष्कळ घरी एवढ्यावरच काम भागतं. तिथले पहाटेचे आणि रात्रीचे आरएसआरपी, एसआयएनआर, बँड आणि वेग, राउटरचं मॉडेल आणि त्याच्या पाटीवरचं व्होल्टेज, एवढं इथे लिहा. स्लॅबवरून टॉवरच्या दिशेने काढलेला एक फोटोही टाका, टेकाड आणि झाडं किती उंच आहेत ते दिसेल. मग कोणत्या बँडचा अँटेना करायचा, एक की दोन, आणि छत्री लागेल का, हे मी नेमकं सांगतो.